थडग्यावर नाव का नाही

पेट्राला मी नवऱ्याबरोबर जाणार होते. जॉर्डनच्या वाळवंटातली ती दरी, डोंगर कोरून काढलेली दोन हजार वर्षांपूर्वीची थडगी, तो गुलाबी दगड, हे सगळं आम्ही दोघांनी फोनवर इतक्या वेळा बघितलं होतं की आता प्रत्यक्ष नाही गेलात तरी चालेल, असं मुलगी म्हणायची. दोघांना एकाच आठवड्यात रजा मिळायला तीन वर्षं गेली. ती मिळाली, विमानाची तिकिटं झाली, हॉटेल झालं, आणि निघायला अकरा दिवस उरलेले असताना नवऱ्याने इथे सिंगापुरात आमच्या कम्युनिटी क्लबमध्ये बॅडमिंटन खेळताना गुडघा पिरगाळून घेतला. याचं वय त्रेपन्न, समोर खेळणारा बावीस वर्षांचा. हे मी त्याला तेव्हाही ऐकवलं आणि नंतरही बरेचदा ऐकवलं.

डॉक्टरांनी सहा आठवडे जिना चढायचा नाही असं सांगितलं. पेट्रात जिन्याशिवाय दुसरं काही नाही. मुलीची इथल्या दहावीची, ओ-लेव्हलची परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे ती येण्याचा प्रश्नच नव्हता. मी दोन दिवस विचार केला आणि जेवताना सांगून टाकलं की मी एकटी जाते. खरं सांगायचं तर मला ते आतून आवडलंच होतं. रॅफल्स प्लेसच्या एका ऑफिसात सतरा वर्षं हिशेब तपासायचे, आणि घरी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये चार माणसांच्या चार तऱ्हा सांभाळायच्या. त्यात पाच दिवस कोणी हाक मारणार नाही, ही कल्पनाच थंडगार सरबतासारखी वाटत होती.

मुलगी म्हणाली, "गो लाह, ममी." नवरा म्हणाला, "जा, मी ऑनलाइन काम करीन, जेवायला खाली हॉकर सेंटर आहेच." आणि सासूबाई ताटातला भात कालवत म्हणाल्या, "एकटी? त्या देशात? मी येते बरोबर."

मी म्हटलं, आई, तिथे फार चालावं लागतं. त्या म्हणाल्या, मी रोज सकाळी ब्लॉकला सात फेऱ्या मारते, तू किती मारतेस? मी म्हटलं, ऊन असतं. त्या म्हणाल्या, कराडला काय बर्फ पडतो? मग मी शेवटचा बाण काढला. म्हटलं, तिथे सगळी थडगीच आहेत, दिवसभर थडग्यांतून हिंडायचं, तुम्हाला नाही चालायचं ते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"एकतीस वर्षं रोज मेलेल्यांचे कागद हाताळलेत मी," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी आंघोळ करत बसले असते तर नोकरी कधी केली असती?"

सासूबाई एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होत्या. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी टेबल सुटलेलं नाही. वर्षातले सहा महिने त्या व्हिजिट पासवर आमच्याकडे असतात, आणि त्या सहा महिन्यांत आमच्या ब्लॉकखाली कोणाचं अंत्यकार्य असलं की त्यांना राहवत नाही. इथे चिनी कुटुंबं इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत मांडव घालून तीन-तीन, पाच-पाच दिवस शवपेटी ठेवतात. सासूबाई पिशवी घेऊन भाजीला म्हणून उतरतात आणि तिथला फलक वाचत उभ्या राहतात. नाव, वय, मुलांची नावं. एकदा त्या फारच अस्वस्थ होऊन वर आल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींनी त्यांना सांगितलं होतं की गेलेल्या माणसाच्या वयात आम्ही तीन वर्षं वाढवून लिहितो, तशी रीत आहे. सासूबाई दोन दिवस म्हणत राहिल्या, रीत असेल, पण नोंदीत असं चालत नाही. त्या खाली जाऊन कोणाला तसं सांगतील या भीतीने मी दोन दिवस भाजी स्वतः आणली.

तर अशा सासूबाईंचं तिकीट नवऱ्याने अर्ध्या तासात काढलं. एरवी त्याला स्वतःचा चष्मा शोधायला तेवढा वेळ लागतो.

विमानात त्यांनी खिडकी घेतली आणि पडदा लावून झोपल्या. दोह्याला विमान बदलताना त्यांनी माझा पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये ठेवून घेतला, मी हरवीन म्हणून. अम्मानहून गाडीने तीन तास. दरीच्या तोंडाशी जे गाव आहे त्याचं नाव वादी मूसा. वादी म्हणजे दरी, हे मी सांगितलं. त्यांनी 'मुसाची वाडी' करून टाकलं आणि तेच पुढे चालू राहिलं. हॉटेलच्या बाईलाही त्यांनी विचारलं, तुमच्या वाडीत दूध किती वाजता येतं. इंग्रजीत विचारलं. त्यांचं इंग्रजी ऑफिसातलं आहे, मोजकं आणि दरडावणारं, पण कुठेही अडत नाही. बिघडलं तर ते ऐकणाऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही फाटकाशी होतो. मी ठरवलेला गाईड पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, शांत माणूस होता. तिकिटात घोडा धरलेला असतो, तो घ्या म्हणून दहा जण मागे लागले. पुढच्या अरुंद घळीतून जायला विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत, त्यांचं मी आधीच बघून ठेवलं होतं, खास सासूबाईंसाठी. त्या म्हणाल्या, पाय दिलेत देवाने. साडी चार बोटं वर खोचलेली, पायात पांढरे बूट, डोक्यावर नवऱ्याची बॅडमिंटनची टोपी, अशा त्या माझ्या पुढे चालायला लागल्या.

ती घळ मी कधी विसरणार नाही. दोन्ही बाजूंना शे-दीडशे हात उंच कडे, मधे कुठे कुठे दोन माणसं शेजारी चालतील एवढीच वाट, आणि वर आकाशाची एक निळी चिंधी. आपोआप आवाज खाली येतो. मी वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते या वाटेच्या टोकाला होतं, आणि पुढे सासूबाई गाईडला विचारत होत्या, तुझं गाव कोणतं, मुलं किती, शिकतात का.

गाईडने सांगितलं की त्याचं लहानपण याच दरीत गेलं. त्याचे आईवडील, आजे-पणजे इथल्याच गुहांत राहायचे. पुढे सरकारने सगळ्यांना वरच्या बाजूला गाव वसवून दिलं.

सासूबाई थांबल्या. म्हणजे जन्म गुहेत झाला?

हो, तो म्हणाला.

मग नोंद?

नोंद नाही. आई सांगते की ज्या वर्षी मोठा बर्फ पडला त्या वर्षी तू झालास. ओळखपत्रावर एक जानेवारी लिहिलंय, आमच्यातल्या पुष्कळ जणांच्या कार्डावर एक जानेवारीच आहे.

सासूबाई पुन्हा चालायला लागल्या, पण त्या क्षणापासून तो गाईड माझा राहिला नाही, त्यांचा झाला. मी मधे काही विचारलं की तो आधी त्यांच्याकडे बघायचा.

घळ संपते तिथे एकदम उजेड येतो आणि समोर ते खजिन्याचं दार उभं राहतं. कड्यातून अख्खं कोरून काढलेलं, दोन मजली, खांब, कमानी, मूर्ती, आणि सकाळच्या उन्हात आतून दिवा लावल्यासारखा रंग. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलणार तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"हे कोणाचं?"

गाईडने सांगितलं, लोक खजिना म्हणतात, पण खजिना वगैरे काही नाही, बहुधा एखाद्या राजाचं थडगं असावं.

"बहुधा?" सासूबाई म्हणाल्या. मग इंग्रजीत, टेबलापलीकडच्या माणसाला विचारावं तसं, "नेम ऑफ डिसीज्ड?"

गाईड म्हणाला, नक्की माहीत नाही. कोणी एका राजाचं नाव घेतं, कोणी दुसऱ्या. वर लिहिलेलं काही नाही.

मग पुढच्या दोन तासांत हेच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना थडगीच थडगी, एकावर एक, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पूर्वेच्या कड्यात ओळीने चार प्रचंड दर्शनी भिंती, आत देवळाच्या सभामंडपाएवढ्या खोल्या. प्रत्येकीपुढे सासूबाई थांबायच्या आणि विचारायच्या, हे कोणाचं? एकाचं नाव कलशावरून पडलेलं, एकाचं दगडातल्या रेशमी रंगांवरून, एक राजवाड्यासारखं दिसतं म्हणून राजवाडा. ही सगळी नंतरच्या माणसांनी ठेवलेली नावं. आत जे निजले त्यांचं एक नाव नाही. हाडंही नाहीत, सगळं कधीच लुटून नेलेलं.

मी म्हटलं, आई, दगड तरी बघा. कसे पट्टे आहेत, लाल, जांभळे, पिवळे. त्यांनी बघितलं. छान आहे म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "एवढा डोंगर फोडायला माणसं होती, हत्यारं होती. दोन अक्षरं कोरायला काय झालं होतं?"

एका थडग्यात आत शिरल्यावर मला ती खोली शांतपणे बघायची होती. भिंतीवर हात ठेवून नुसतं उभं राहायचं होतं. पण सासूबाई तिथल्या अंधारात गाईडला समजावत होत्या की नोंद नसेल तर वारसाला काय त्रास होतो. वारस दोन हजार वर्षांपूर्वीच मेले, आई, असं मी जरा जोरातच म्हटलं. माझा आवाज त्या रिकाम्या खोलीत घुमला आणि एका फ्रेंच जोडप्याने मागे वळून पाहिलं.

बाराच्या सुमारास आम्ही दरीच्या तळाशी, झाडं आणि उपाहारगृह आहे तिथे पोचलो. गाईडचं काम तिथेच संपायचं. तिथून पुढे आठशे पायऱ्या चढल्या की डोंगरमाथ्यावर आणखी एक प्रचंड कोरीव दर्शनी भिंत आहे, ती बघायला माझं मन ओढ घेत होतं. सासूबाईंना मी सावलीतल्या टेबलावर बसवलं. चहा, पाणी, सोबत आणलेले पराठे, सगळं पुढ्यात मांडलं. म्हटलं, अडीच तासांत येते, इथून हलू नका. त्या म्हणाल्या, जा तू, माझी काळजी करू नकोस. गाईडही शेजारी चहा पीत बसला होता, थोड्या वेळाने तो घरी जाणार होता.

त्या आठशे पायऱ्या मी एकटीने चढले. वर पोचले तेव्हा छाती फुटायची वेळ आली होती, पण त्या भव्य भिंतीसमोर दगडावर बसून मी अर्धा तास कोणाशी एक शब्द बोलले नाही. त्या सगळ्या प्रवासातली माझी म्हणावी अशी ती तीस मिनिटं. उतरताना मी जवळजवळ गुणगुणत होते.

खाली आले तर टेबल रिकामं.

आधी वाटलं, स्वच्छतागृहात गेल्या असतील. तिथे नव्हत्या. वेटर बदलला होता, नव्याला काही माहीत नव्हतं. पराठ्याचा डबा नाही, पर्स नाही. फोन लावला तर बंद. त्यांचा फोन कायम बंद असतो, बॅटरी जपायची म्हणून. कुठल्या प्रसंगासाठी जपायची, हे मी त्यांना कितीदा विचारलंय.

मग मी पळाले. दोन्ही बाजूंना खांब असलेल्या रस्त्याने, सकाळी बघितलेल्या दगडी नाट्यगृहापर्यंत गेले, प्रत्येक चहाच्या टपरीवर विचारलं, साडी नेसलेली म्हातारी बाई, पांढरे बूट, बॅडमिंटनची टोपी. गाढववाल्यांना विचारलं, उंटवाल्यांना विचारलं. सगळ्यांनी आधी मला गाढव देऊ केलं. ऊन डोक्यात शिरलं होतं. कुठे पाय घसरून पडल्या असतील, कुठल्या थडग्यात नाव शोधायला शिरल्या असतील आणि आत चक्कर आली असेल, असं काहीबाही मनात येत होतं, आणि त्याच वेळी तळपायाची आग मस्तकात जात होती. एक दिवस. मी एक दिवस मागितला होता.

शेवटी पर्यटकांसाठीच्या पोलीस चौकीत गेले. तरुण पोलीस सौजन्याने वागला. त्याने कागद पुढे ओढला आणि विचारलं, नाव? सांगितलं. पासपोर्ट? म्हटलं, दोघींचेही तिच्याकडेच आहेत. त्याने तो रकाना मोकळा सोडला. मग विचारलं, जन्मतारीख?

मला सासूबाईंची जन्मतारीख माहीत नव्हती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यांच्या पासचे अर्जही नेहमी नवऱ्यानेच भरलेले. त्यांचा वाढदिवस आमच्या घरी कधी साजरा झाला नाही, आणि का होत नाही हे मी कधी विचारलंही नव्हतं. तिथूनच नवऱ्याला फोन लावला. सिंगापूरला रात्रीचे नऊ वाजून गेले होते, तो जेवायला बसला होता. मी सांगितलं की आई सापडत नाहीयेत, घाबरू नकोस, आणि त्यांची जन्मतारीख सांग.

तो घाबरलाच. चार प्रश्न विचारले. मग म्हणाला, "एक जून लिही."

"लिही म्हणजे?"

"म्हणजे पासपोर्टवर एक जून आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली. खरी कोणालाच माहीत नाही, आईलापण नाही."

एकतीस वर्षं गावातल्या प्रत्येक मुलाची जन्मवेळ मिनिटासकट लिहून घेणारी बाई. मी एक जून लिहून दिलं. राग होताच, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं आणि ते मला तेव्हा मुळीच नको होतं.

अर्ज पुरा व्हायच्या आत पोलिसाचा फोन वाजला. तो अरबीत बोलला, हसला, आणि मला म्हणाला, तुमची आई सापडली. वरच्या गावाकडे जाणाऱ्या मागच्या रस्त्यावर आहे. सासू, मी म्हटलं. जीपमध्ये बसवून त्याने मला तिथे नेलं.

उपाहारगृहापासून वीस मिनिटांच्या चालीवर, जिकडे कोणी पर्यटक फिरकत नाही अशा एका वळणावर, कड्यात एक मोडकं थडगं आहे. खालचा अर्धा भाग ढासळून गेलेला, वरचा अर्धा अधांतरी लटकल्यासारखा. त्याच्यासमोर एका दगडावर, सावली धरून, सासूबाई बसल्या होत्या. शेजारी गाईड. मधे आमचा पराठ्याचा डबा, रिकामा. रस्त्याच्या कडेला एक गाढव बांधलेलं. माझ्या विजेच्या गाडीला नाही म्हणणारी बाई गाढवावर बसून आली होती.

मला बघून त्या म्हणाल्या, "किती वेळ लावलास गं."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पोलीस आणि गाईड दोघंही दूर जाऊन गाढवाकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, दोन तास मी वेड्यासारखी धावतेय, तुमच्या मुलाला तिकडे घास गिळवत नाहीये, तुम्ही हरवलात म्हणून पोलिसांत लिहून दिलंय मी.

"हरवले?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मला माहीत होतं मी कुठे आहे. वेटरला सांगून आले होते."

"तो वेटर घरी गेला, आई."

"मग त्याने दुसऱ्याला सांगायला नको? चार्ज देताना सांगायचं असतं."

 मी मटकन खाली बसले. गाईड जवळ आला आणि फार संकोचाने त्याने झालेला प्रकार सांगितला. सासूबाईंनी त्याला विचारलं होतं की अख्ख्या दरीत लिहिलेलं असं एक तरी थडगं आहे की नाही. तो म्हणाला, मोठा लेख म्हणावा असा एका थडग्यावर आहे, माझ्या घरच्या वाटेवर, पण तिथे बघायला काही नाही, अर्धं पडलंय. एवढं ऐकल्यावर त्या उठल्याच. मी परत येईपर्यंत थांबू या, असं त्याने दोनदा सुचवलं, तर त्या म्हणाल्या, ती वरून दमून येईल, तिला कशाला आणखी चालवायचं. मग मी मागून येईन म्हणून वाट बघत तो बसून राहिला. शेवटी त्यालाच शंका आली आणि त्याने चौकीत फोन केला.

मी वर पाहिलं. दोन अर्ध्या खांबांच्या मधे, खूप उंचावर, खरंच ओळींमागून ओळी कोरलेल्या होत्या.

"मग?" मी म्हटलं. "मिळालं नाव?"

"नाही."

"नाहीच?"

"नाव नाही त्याच्यात." पण त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवलेला होता. गाईडला तो लेख ऐकून ऐकून पाठ होता. त्यात आधी थडग्याचा सगळा तपशील आहे, मोठी खोली, आतली लहान खोली, अंगण, बाग, पाण्याच्या टाक्या. हे सगळं देवाच्या मालकीचं, असं लिहिलंय. आणि शेवटी म्हटलंय की ज्याच्याजवळ तसा लेखी करार असेल त्यालाच इथे पुरायचं, बाकी कोणाला नाही, आणि ते सगळं कागदपत्रांत आहे.

"म्हणजे नोंदवही वेगळी होती," सासूबाई म्हणाल्या. "कळलं का तुला? दगडावर नाव कशाला लिहितील? नाव कचेरीत. इथे नुसतं एवढंच, की बाबा कागद बघा."

"आणि कागद कुठायत?"

"ते गेले," त्या म्हणाल्या. "कागद जातोच."

मी म्हटलं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लावलात. त्या म्हणाल्या, "तू नको म्हणाली असतीस."

ते खरं होतं. मी नको म्हटलंच असतं.

हॉटेलवर आल्यावर मी त्यांच्याशी बोलत नव्हते. चहा आला, तो दोघींनी घेतला. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, साडीची घडी घालता घालता. त्यांच्या टेबलावर बेवारस मृतांच्याही नोंदी यायच्या. रस्त्यावर सापडलेली, नदीतून काढलेली माणसं. अर्जात 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय चाळीस' एवढंच लिहायचं, त्याहून जास्त रकाना नसायचा. एक बाई दर दोन-तीन महिन्यांनी यायची, तिचा नवरा घरातून निघून गेलेला. ती अनोळखी पुरुषांची यादी वाचून दाखवायला सांगायची आणि विचारायची, दंडावर गोंदण होतं का. सासूबाईंना सांगता यायचं नाही, कारण कागदावर तेवढं नसायचं. तेव्हापासून त्या स्वतःच्या एका वहीत जास्तीचं लिहून ठेवायला लागल्या. शर्टाचा रंग, गोंदण, दातात फट. पोलिसांना विचारून विचारून. साहेब म्हणाले, हे तुमचं काम नाही. पण लिहीत राहिल्या.

"मग तिला सापडला का नवरा?" मी विचारलं. बोलायचं नाही असं ठरवलेलं मी विसरूनच गेले होते.

"नाही. पण दुसऱ्या दोघांचे सापडले."

"आणि ती वही?"

"निवृत्त होताना टेबलात ठेवून आले. नव्या मुलीला सांगितलं होतं." त्यांनी साडी बॅगेत ठेवली. "पुढे काय झालं, माहीत नाही."

तिसऱ्या दिवशीही दरीचं तिकीट होतं. त्या म्हणाल्या, माझं बघून झालं, तू जा. मी गेले, सबंध दिवस एकटी हिंडले, आणि ज्या शांततेसाठी इतकी आसुसलेली होते ती मिळाली. दुपारी एका थडग्यात सावलीला बसले असताना मी चक्क भिंतीवर अक्षरं शोधत होते. मला स्वतःचाच राग आला आणि मी बाहेर पडले.

सिंगापूरला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी पोळ्या लाटत होते आणि सासूबाई ओट्याशेजारी स्टुलावर बसून कराडच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. गाढव फार शहाणं होतं म्हणे. गाईडच्या धाकट्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालंय, हेही बहिणीला सांगून झालं. मग त्या जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, एवढं सगळं नीट चाललं होतं, तर नेमकी त्या दिवशी दुपारी आमची सून हरवली. दोन तास सापडेना. शेवटी पोलिसांनी जीपमधून आणून दिली."

मी लाटणं ठेवलं. म्हटलं, आई, कोण हरवलं होतं?

त्यांनी फोनवर हात ठेवला. "तू मधे बोलू नकोस," त्या म्हणाल्या, "तिला नीट ऐकू येत नाही." आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागल्या.